हात लावल्याशिवाय सही नाही

थूल बाबू,

तुमच्या जलदान विधीला मी आले होते. अंगणात पांढरी चादर अंथरली होती, तुमच्या फोटोपुढे मेणबत्त्या होत्या आणि एकेक जण उठून दोन शब्द बोलत होता. नोकरीला कधी लागले, कुठे कुठे बदली झाली, निवृत्त कधी झाले, सगळं अगदी क्रमाने. तुम्हाला आवडलं असतं, एकाही तारखेत खाडाखोड नव्हती. मग कोणीतरी म्हणालं, "मॅडम, तुमीबी बोला." मी उठले, "थूल बाबू फार प्रामाणिक होते" एवढं म्हणाले आणि खाली बसले. नऊ वर्षं आपण एकाच व्हरांड्याला लागून असलेल्या दोन खोल्यांत काम केलं, रोज निदान एकदा भांडलो, आणि माझ्या तोंडून तुमच्यासाठी तो एक गुळगुळीत शब्द निघाला. घरी येईपर्यंत मला स्वतःचाच राग येत होता.

प्रामाणिक काय, पुष्कळ असतात. माझ्या घरासमोरचा किराणावालाही प्रामाणिक आहे. तुम्ही जे होतात त्याला शब्द मला अजून सापडलेला नाही. त्या दिवशी लोक पांगल्यावर तुमच्या सुशीलाताईंनी मला स्वयंपाकघराच्या दाराशी बोलावून जे सांगितलं, त्यानंतर तर जे शब्द होते तेही अपुरे पडले. तिथपर्यंत येतेच. पण आधी आपली भांडणं.

मी देवळी तालुक्यातल्या त्या प्राथमिक आरोग्य केंद्रात डॉक्टर म्हणून रुजू झाले तेव्हा तुम्ही तिथले बाबू होतात. रोकडवही, चेकबुक, साठ्याचं पुस्तक, सगळं तुमच्याकडे. चेकवर सही माझी, पण त्याआधी बिलावर तुमच्या अक्षरात शेरा लागायचा: माल मिळाला, तपासला. तो शेरा नसेल तर मी चेक फाडायचा नाही. सरकारचा नियमही तोच होता, पण सरकारचा नियम फायलीत पडून असतो, तुमचा नियम दारात उभा असायचा. आणि तपासला म्हणजे काय, तर तुम्ही त्या वस्तूला स्वतः हात लावायचा. सलाईनच्या बाटल्या असोत, गाद्या असोत, फिनाईलचे कॅन असोत. नुसतं पाहून तुमचं भागत नसे. ड्रायव्हर मागून म्हणायचा, "बाबू पाव्हन्यायलेबी हात लावून मोजतीन."

आठवतं ना, पहिल्याच उन्हाळ्यात आपण बारा पंखे घेतले होते. वायरमनने ते बसवले आणि बिल माझ्या टेबलावर आलं. तुम्ही शेजारच्या शाळेतून शिडी मागवली, मेन स्विच बंद केला आणि वॉर्डातल्या पेशंटांच्या डोक्यावर एकेक पंख्याला हात लावत फिरलात. आजारी माणसं उठून बसून बघत होती. शेवटी शिडी भिंतीला टेकवून तुम्ही माझ्याकडे आलात.

"मॅडम, एक कमी हाय जी."

"असेल कुठेतरी."

"कुठीतरी म्हनजे कुठी?"

तो बारावा पंखा माझ्या क्वार्टरच्या मागच्या खोलीत गरगरत होता. आईच्या खोलीतला जळाला होता, आणि मीच वायरमनला म्हटलं होतं की एक तिकडे लावून टाक. तुम्ही शिडी घेऊन तिथे आलात. आई बाजूला झाली, तुम्ही तिला नमस्कार केलात, वर चढलात, पंख्याला हात लावलात आणि साठ्याच्या पुस्तकात लिहिलंत: एक पंखा वैद्यकीय अधिकारी निवासस्थान, मागील खोली. माझे कान तापले होते. तुम्ही मात्र शांतपणे म्हणालात, "क्वार्टरबी सरकारचंच हाय. पंखा लागला त्यात काई चुकलं नाई. पन थो कुठी हाय थे पुस्तकाले माहीत पाह्यजे." मी तीन दिवस तुमच्याशी बोलले नाही. चौथ्या दिवशी तुम्ही डब्यातली पातोडीची भाजी माझ्यापुढे सरकवलीत आणि मी ती सगळी संपवली.

पैशाच्या पेटीचा तुमचा प्रकार तर आणखीच न्यारा. केसपेपरचे पैसे ते किती असायचे. पण पेटी तुमच्या कपाटात आणि तिची किल्ली कल्पना सिस्टरच्या पर्समध्ये. रोज पाच वाजता पैसे मोजायला तुम्ही वेगळा माणूस बसवायचात. आज ड्रायव्हर, उद्या आया, परवा लसीकरणाला आलेली आशाताई. त्यांनी मोजून सही केल्याशिवाय तुम्ही पेटीकडे हातही नेत नव्हतात, भिंतीला पाठ टेकवून उभे राहायचात. मला वाटायचं, हा माणूस कोणावरच विश्वास ठेवत नाही. मी तसं तुमच्या पाठीमागे बोललेही आहे. ते तुमच्या कानावर नक्कीच गेलं असणार, कारण आपल्याकडे कानावर न गेलेली गोष्ट नाही.

मग माझ्या भावाचं लग्न. मी आठ दिवसांच्या रजेवर सिंदीला माहेरी गेले, आणि जाताना तीन कोऱ्या चेकवर सह्या करून ते तुमच्या टेबलावर ठेवून गेले. ॲम्ब्युलन्सचं डिझेल अडू नये, बाकी काही नाही. असं सगळेच करतात हो, आजही करतात. लग्नाच्या दिवशी मांडवात पंगती बसल्या होत्या, आणि बघते तर तुम्ही. देवळीहून वर्ध्याची बस, वर्ध्याहून पॅसेंजर, इस्त्रीचा शर्ट, काखेत ती खाकी पिशवी. मला वाटलं आमंत्रणाला मान देऊन आलात. तुम्ही मला खुर्च्यांच्या रांगेमागे नेलंत आणि तिन्ही चेक पुढे केलेत.

"याच्यावर रद्द लिवा."

"बाबू, आणि डिझेल संपलं तर?"

"डिझेलचा चेक लिवून आनला. नाव, रक्कम, सगळं भरलं हाय, बिल संग हाय. याच्यावर सही करा."

मी मेंदीच्या हातांनी तीनदा रद्द लिहिलं. राग आला होता, पण लग्नघर होतं. म्हटलं, "माझा तुमच्यावर विश्वास आहे, म्हणूनच सह्या करून ठेवल्या ना?"

"तुमचा हाय. माझा नाई."

"कोणावर?"

"माझ्यावर."

मी हसले. शेजारी माझी मावशी उभी होती, तीही हसली. मला ती थट्टा वाटली, आणि कितीतरी वर्षं मी ती थट्टा म्हणूनच लोकांना रंगवून सांगितली. तुम्ही आईच्या आग्रहाने दोन वेळा जिलबी घेतलीत, पाकिटातून एक्कावन्न रुपयांचा आहेर केलात आणि परतीच्या पॅसेंजरने गेलात.

आता वॉर्मर. याविषयी आपण त्यानंतर कधीच बोललो नाही, म्हणून मीच बोलते.

नवजात बाळाला ऊब देणारं ते यंत्र आपल्या प्रसूतिगृहात नव्हतं. मी दोन वर्षं मागत होते. निधी आला तो मार्चच्या शेवटच्या आठवड्यात, जसा तो नेहमी येतो. वर्षभर आपण वाट बघायची आणि शेवटच्या पाच दिवसांत खर्च करून दाखवायचा, नाहीतर पैसे परत. नागपूरचा पुरवठादार म्हणाला, यंत्र पंधरा-वीस दिवसांत देतो, पण बिल आजच करा. म्हणजे यंत्र आलं नसताना माल मिळाला असं लिहायचं. शेजारच्या केंद्राने लिहून दिलं होतं. मीही सहीला तयार होते. तुम्ही विचारलंत, "वस्तू कुठी हाय?"

"नागपूरला असेल, गोडाऊनमध्ये."

"मंग मी सकाळच्या बसनं नागपूरले जाऊन हात लावून येतो."

पुरवठादाराला फोन लावला तर यंत्र नागपुरातही नव्हतं, कंपनीतून निघायचं होतं. तुम्ही पेनाचं टोपण लावलंत. "मंग थे नाईच हाय, मॅडम." मी समजावलं, विनवलं, आवाज चढवला. एकतीस मार्चला संध्याकाळी पाचपर्यंत मी तुमच्या टेबलापाशी चार खेपा घातल्या. तुम्ही प्रत्येक वेळी उठून उभे राहिलात, माझं पूर्ण ऐकून घेतलंत आणि पुन्हा खाली बसलात. पैसे परत गेले.

गंमत म्हणजे त्या पुरवठादाराने कोणालाही फसवलं नाही. शेजारच्या केंद्रात एप्रिल संपायच्या आत वॉर्मर आला, नवाकोरा, चालू. मी मुद्दाम त्याचा फोटो मागवला आणि मोबाईल तुमच्या नाकासमोर धरला. तुम्ही चष्मा वर करून नीट पाहिलंत आणि म्हणालात, "चांगला हाय." बस, एवढंच.

आणि मग श्रावणातला तो गुरुवार. सोयाबीन निंदायला गेलेली वनिता शेतातूनच कळा घेऊन आली, दिवस भरायच्या कितीतरी आधी. दुपारी बाराला मुलगी झाली, जेमतेम दीड किलोची, निळसर. ॲम्ब्युलन्स दुसऱ्या पेशंटला घेऊन वर्ध्याला गेली होती. दीड तास मी आणि कल्पना सिस्टर त्या पोरीला आईच्या छातीशी बांधून, वर कापूस आणि गोधड्या घालून, मोठा बल्ब जवळ ओढून बसलो होतो. एका हाताने मी तिचा श्वास मोजत होते. गाडी आली, पोरीला वर्ध्याच्या मोठ्या दवाखान्यात पाठवलं, आणि मी व्हरांड्यात आले. तुम्ही दाराशी उभे होतात. ओपीडीची सगळी गर्दी होती तिथे. रागावले की माझी भाषा सिंदीची होते, तशीच झाली. मी ओरडले, "तुमच्या एका सहीपायी लेकरू गेलं असतं, बाबू. तुमाले सही मोठी का लेकराचा जीव मोठा? लेकरू मरते कसं थे पाह्यलं का कधी तुमी?"

हातातल्या पेनाचं टोपण काढत होतात, लावत होतात. माझं ओरडून झालं तरी तुम्ही जागचे हलला नाहीत, जणू मी आणखी काही बोलणार आहे आणि तेही ऐकून घ्यायला हवं.

पोरगी वाचली. तीन आठवड्यांनी वनिता तिला दाखवायला घेऊन आली तेव्हा तुम्ही तुमच्या खोलीतून बाहेर आलात, पण जवळ आला नाहीत. आता ती तिसरीत आहे आणि फार बोलते.

पुढल्या एक एप्रिलला मी दहा वाजता आले तर टेबलावर वॉर्मरच्या मागणीचं पत्र तयार होतं. वर्षाचा पहिला जावक क्रमांक त्याला होता. मग तुम्ही जिल्हा परिषदेत खेटे घातलेत, पंधरा दिवसांतून एकदा, ठरलेल्या वारी, डबा घेऊन. साहेब भेटले नाहीत तर बाकावर बसून डबा खायचा आणि साहेब यायची वाट बघायची. सप्टेंबरात यंत्र आलं. मार्चच्या घाईत नाही, भर वर्षात, सगळ्या कागदांसह. तुम्ही त्याला हात लावलात. मी म्हटलं, आता करा की शेरा. पण तुम्ही ते चालू करायला सांगितलंत आणि त्या उबेखाली तळहात धरून उभे राहिलात, बराच वेळ. मला वाटलं, बाबू तापमान तपासत आहेत. मी घड्याळ बघितलं आणि ओपीडीत निघून गेले.

माझी चूक मी कबूल करते. तुम्ही निवृत्त झालात त्या दिवशी मला माफी मागायची होती. वाक्यही ठरवून आले होते. पण स्वतःच्याच निरोपाला तुम्ही तासभर उशिरा आलात. वर्ध्याहून येताना बस चुकली म्हणालात. नऊ वर्षांत एक मिनिट उशीर न झालेला माणूस, म्हणून सगळ्यांनी तुमची थट्टा केली. समोसे गार झाले होते, लोकांना घरी जायची घाई होती, आणि मी शाल-श्रीफळ देऊन "कर्तव्यदक्ष" म्हणाले. पाहा, माझ्याकडे हे शब्द कसे वेळेवर हजर असतात.

नंतर दर मार्चमध्ये तुमचा फोन यायचा. "मॅडम, मार्च कसा हाय?" जशी माणसं आजाऱ्याची विचारपूस करतात तशी तुम्ही मार्चची करायचात. प्रत्येक वेळी मी ठरवायची, आज बोलू. मग तुम्ही गुडघ्यांचं सांगायचात, मी आईच्या डोळ्यांचं सांगायची आणि फोन ठेवला जायचा. या वर्षी मार्च आला आणि फोन आला नाही. तुम्ही फेब्रुवारीतच गेला होतात.

आता ते स्वयंपाकघराचं दार. सुशीलाताईंनी मला पाटावर बसवलं आणि म्हणाल्या, "मॅडम, तुमाले एक सांगाले पाह्यजे. यायनं कोनाले सांगतलं नाई. पन तुमचं नाव लई घेत होते."

त्यांनी जे सांगितलं ते तुम्हाला माहीतच आहे, पण मला लिहू द्या, म्हणजे पुस्तकाला माहीत राहील. तुमची मोठी मुलगी सातव्या महिन्यातच झाली होती. तुम्ही नोकरीत नवे होतात, दुसऱ्याच एका दवाखान्यात. वर्ध्याच्या खाजगी डॉक्टरने सांगितलं, काचेच्या पेटीत ठेवावं लागेल, पैसे भरा मग ठेवतो. तुमच्याजवळ पैसे नव्हते. तुमच्या कपाटात दवाखान्याचे केसपेपरचे पैसे होते. तुम्ही चारशे रुपये उचललेत. चौथ्या दिवशी भावाने कापूस विकून पैसे आणले, तेव्हा ते परत ठेवलेत. पोरगी वाचली. कोणाला काही कळलं नाही.

"मी म्हनलं, कोनाले समजलं नाई ना, मंग काऊन जीवाले लावून घेता?" सुशीलाताई सांगत होत्या. "तं म्हने, सुशीला, थेच तं. चार दिवस पेटीत पैसे नोयते अन् कोनाले समजलं नाई. अन् मलेबी काई वाटलं नाई, पोरगी डोयापुढं होती. कारन चांगलं असलं का हात आपोआप जाते. तवापासून सोताच पैसे मोजत नोयते. किल्लीबी सोताजवळ ठेवत नोयते."

मी पाटावर बसून राहिले. रोज पाच वाजता भिंतीला पाठ टेकवून उभे राहणारे तुम्ही मला दिसत होतात. ती पेटी, किल्ली, वेगवेगळी माणसं, रद्द केलेले चेक, ते सगळं कुंपण तुम्ही आमच्यासाठी घातलंच नव्हतं. ते तुम्ही स्वतःभोवती घातलं होतंत, चारशे रुपयांपायी, चार दिवसांपायी, एका वाचलेल्या लेकरापायी. आणि त्या कुंपणाच्या आत आमचं सगळं केंद्र नऊ वर्षं सुखात राहिलं. एकदाही डिझेलवाचून गाडी उभी राहिली नाही, एकदाही औषधांचे पैसे इकडेतिकडे झाले नाहीत, आणि तपासणीला येणारे लोक अर्ध्या दिवसात काम उरकून पवनारला नदी बघायला जायचे. मी ते सगळं गृहीत धरलं होतं.

मग ताईंनी तुमच्या पेन्शनच्या फायलीतून प्लास्टिकच्या पिशवीत घातलेला एक कागद काढला. ट्रेझरीत पैसे भरल्याचं चलान. तारीख तुमच्या निवृत्तीची. रक्कम चारशे रुपये. तर बस चुकली नव्हती. ताई सांगत होत्या, तिथल्या माणसाने विचारलं, कोणत्या हेडखाली, म्हणजे जमेच्या कुठल्या खात्यावर, भरता? हेड नसेल तर पैसे घेता येत नाहीत. आणि तुम्ही, ज्यांनी उभ्या जन्मात एका हेडचा रुपया दुसऱ्या हेडला लागू दिला नाही, तिथे खिडकीसमोर उभे राहिलात आणि तुम्हाला हेड सापडेना. परत ठेवलेले पैसे पुन्हा भरायला सरकारकडे हेडच नाही. तासभर घासाघीस झाली. शेवटी संकीर्ण जमा. कारणाच्या रकान्यात तुमच्या त्या वळणदार अक्षरात लिहिलं आहे: चार दिवसांचा वापर.

मी हसले, थूल बाबू. तुमच्या स्वयंपाकघरात बसून मोठ्याने हसले, ताईही हसल्या, आणि मग आम्ही दोघी रडलो.

काचेच्या पेटीत लेकरू ठेवलेला बाप होतात तुम्ही. आणि मी तुम्हाला भर व्हरांड्यात विचारलं होतं, लेकरू मरते कसं थे पाह्यलं का कधी. तुम्ही एका वाक्यात माझं तोंड बंद करू शकला असतात. टोपण लावत आणि काढत उभे राहिलात. माणसात एवढी ताकद कुठून येते, मला माहीत नाही. मी डॉक्टर आहे, माणूस आतून कसा असतो हे मला शिकवलेलं आहे, पण हे त्यात नव्हतं.

तरी एक सांगते, तुम्हाला राग येणार नाही. वॉर्मरच्या बाबतीत तुम्ही चुकलात असं मला अजून वाटतं. पोरगी वाचली म्हणून हिशेब जुळला असं मी मानणार नाही. ती वाचली कल्पना सिस्टरच्या हातांनी आणि थोड्या नशिबाने. सही केली असती तर यंत्र आलं असतं, हे खरं आहे. आणि सही केली असती तर पुढल्या मार्चला मी तशी आणखी एक मागितली असती, त्याच्या पुढल्या वर्षी तीन, प्रत्येक वेळी चांगल्याच कारणासाठी, हेही खरं आहे. ही दोन्ही सत्यं घेऊन मी तुमच्या टेबलापाशी यायला हवं होतं. भांडण अर्धं टाकून गेलात.

आता या वर्षीचा मार्च सांगते. तुम्ही विचारलंच असतं.

प्रसूतिगृहाच्या इन्व्हर्टरच्या बॅटऱ्या गेल्या, काढून टाकाव्या लागल्या. उन्हाळ्यात लाईन रोज जाते. निधी आला शेवटच्या आठवड्यात. पुरवठादार म्हणाला, बॅटऱ्या एप्रिलच्या दुसऱ्या आठवड्यात, बिल आज. तुमच्या जागेवर आता प्रणाली आहे. हुशार पोरगी, सेलूहून रोज स्कूटीने येते. तिने बिल तयार करून माझ्यापुढे ठेवलं होतं, तुमचाच शेरा टाईप करून. फक्त सही बाकी होती. मी पेन उघडलंही. कारण चांगलं होतं, बाबू. तुम्ही म्हणाला होतात तसंच, हात आपोआप जात होता, आणि मला काही वाटतही नव्हतं.

मग मी उठून प्रसूतिगृहात गेले. इन्व्हर्टरखाली वाकले आणि रिकाम्या रॅकवर हात ठेवला. धूळ होती. परत येऊन मी बिलावर आडवी रेघ मारली.

प्रणालीचा चेहरा उतरला. "मॅडम, मी सगळं तपासून ठेवलतं. तुमचा माझ्यावर विश्वास नाई का?"

"तुझ्यावर आहे," मी म्हटलं. "माझ्यावर नाही."

ती हसली. तिला थट्टा वाटली.

पैसे परत गेले. एक एप्रिलला दहा वाजता मागणीचं पत्र गेलं, वर्षाचा पहिला जावक क्रमांक घेऊन. पुढच्या आठवड्यापासून जिल्हा परिषदेत मी स्वतः जाणार आहे, डबा घेऊन. पण परवा दुपारी लाईन गेली ती ऐन बाळंतपणात. कल्पना सिस्टरने मोबाईलचा टॉर्च आयाच्या हातात देऊन टाके घातले. बाई आणि बाळ दोघं चांगले आहेत. सिस्टर हात धुवून व्हरांड्यात आली, ओपीडीच्या सगळ्या गर्दीसमोर माझ्यापुढे उभी राहिली आणि ओरडली, "सहीच कराची होती ना मॅडम? टॉर्च धरून टाके घालाचे का आमी? तुमाले काय, तुमी कागद पाहता."

मला उत्तर देता आलं असतं. बरीच उत्तरं होती. पण तिचं बरोबर होतं, आणि तिचं अजून बोलून झालेलं नव्हतं. मी तिथेच उभी राहिले. थोड्या वेळाने माझ्या लक्षात आलं की मी हातातल्या पेनाचं टोपण काढते आहे आणि लावते आहे.

लोकांना वाटलं असेल, मॅडम सिस्टरचं ऐकून घेत आहेत. मी तुमची माफी मागत होते, थूल बाबू.